नियंत्रित बंदूक घेऊन अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडताना

पुण्याहून बेळगावला गाडीने जाताना कोगनोळीचा नाका लागतो आणि आपण दुसऱ्या राज्यात आलो हे तिथे आपोआप कळते. पेनसिल्व्हेनियातून ओहायोत किंवा न्यूयॉर्कमध्ये शिरताना असा कोणताही नाका नसतो. स्वागताची पाटी मागे पडते, गाडीचा वेगही कमी होत नाही, आणि डिक्कीतली जी रायफल पाच मिनिटांपूर्वी पूर्णपणे कायदेशीर होती तिच्यासाठी आता अटक होऊ शकते. हद्दीवर कोणीही अडवत नसल्यामुळे सगळी तपासणी निघण्यापूर्वी घरी बसून स्वतःच करावी लागते. नेमबाजीच्या छंदात पडलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून ही तयारी ज्या क्रमाने मी करतो त्याच क्रमाने येथे मांडत आहे.

सर्वप्रथम आपल्याकडचे शस्त्र कोणत्या गटात मोडते हे ठरवावे. साधे पिस्तूल, शिकारीची रायफल किंवा लांब नळीची शॉटगन राज्याबाहेर नेण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली नोंदवाव्या लागणाऱ्या शस्त्रांबाबत. त्यात मशीनगन, १६ इंचांपेक्षा कमी नळीची रायफल, १८ इंचांपेक्षा कमी नळीची शॉटगन, सायलेन्सर, बॉम्ब व मोठ्या व्यासाची काही शस्त्रे आणि ‘इतर शस्त्रे’ म्हणून ओळखला जाणारा एक किरकोळ गट येतो. रायफल किंवा शॉटगनची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी केलेली असली, तरी ती याच कायद्याच्या कक्षेत येते. नळी मोजताना बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करून आतून सरळ काठी घालावी आणि बोल्टच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे. टोकावरचा जोड कायमचा बसवलेला असेल तरच त्याची लांबी धरली जाते. आट्यांवर फिरवून काढता येणारा जोड धरला जात नाही.

या सर्वच शस्त्रांना प्रवासासाठी परवानगी लागते असे मात्र नाही, आणि येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने मशीनगन, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि विध्वंसक उपकरणे (म्हणजे वर सांगितलेले बॉम्ब व मोठ्या व्यासाची शस्त्रे) या चारच प्रकारांसाठी, ती राज्याबाहेर नेण्यापूर्वी, बंदुकांचे नियमन करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याची मान्यता बंधनकारक केली आहे. सायलेन्सर आणि ‘इतर शस्त्रे’ यांना ती लागत नाही. मान्यता न घेता या चारपैकी एखादे शस्त्र जाणूनबुजून हद्दीपलीकडे नेले, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड रायफल, आखूड शॉटगन आणि ‘इतर शस्त्रे’ यांच्या नोंदणीवरचा कर (बहुतेकांसाठी २०० डॉलर) शून्य झाला, तेव्हापासून ‘आता कागदपत्रेही राहिली नाहीत’ अशी एक समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. कर गेला, पण नोंदणी कायम आहे आणि प्रवासाची मान्यताही कायम आहे.

त्यानंतर शस्त्र कोण नेणार, हे पाहावे. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना बंदूक बाळगता येते. एच-१बी, एच-४ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र केंद्रीय कायद्याने ती मुळात बाळगताच येत नाही. वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते कागदोपत्री सिद्ध करता आले पाहिजेत. आपल्या घरांत ही अडचण नेहमी येते, कारण एकाच गाडीत नागरिक झालेला मुलगा, एच-४ वरची सून आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले आई-वडील असतात. अशा वेळी पेटीचे कुलूप उघडण्याची किल्ली किंवा आकडे फक्त नोंदणीदारापाशी असावेत आणि पेट्रोल भरताना किंवा जेवायला थांबताना गाडी व पेटी इतरांच्या हवाली करून त्याने दूर जाऊ नये. शस्त्र ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टमधली जबाबदार व्यक्ती ते नेऊ शकते; एकट्याच्या नावावर असेल तर पत्नी किंवा मित्र त्याच्या गैरहजेरीत ते नेऊ शकत नाहीत, मग ते स्वतः नागरिक असले तरीही.

आता राज्यांचे कायदे. एटीएफची मान्यता मिळाली म्हणजे सर्वत्र मोकळीक मिळाली असे समजू नये, कारण प्रत्येक राज्य स्वतःचा निषेध स्वतंत्रपणे लागू करते. सायलेन्सरचेच उदाहरण घ्यावे. तो ४२ राज्यांत खाजगी व्यक्तीला बाळगता येतो, परंतु कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड या आठ राज्यांत त्याला मनाई आहे. केंद्राची परवानगी लागत नाही म्हणून तो बेधडक पिशवीत टाकणारे नेमके येथे अडकतात. शिवाय मॅगझिनच्या क्षमतेचे नियम वेगळे आहेत: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत १० गोळ्यांची मर्यादा आहे, कोलोरॅडोत १५ ची, आणि बंदुकांच्या बाबतीत सैल समजल्या जाणाऱ्या व्हरमाँटमध्येही २०१८ पासून रायफलसाठी १० ची मर्यादा आहे. मी एका कागदावर मार्गातील राज्ये एकाखाली एक लिहितो आणि प्रत्येकापुढे शस्त्राचा प्रकार, सायलेन्सर, मॅगझिन व गोळ्या असे चार रकाने करतो. एखादा रकाना रिकामा राहिला तर त्या राज्याच्या विधिमंडळाच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावरचा मूळ मजकूर वाचतो. शूटिंग रेंजवरच्या मित्राचे ऐकीव ज्ञान त्या रकान्यात लिहीत नाही.

पिस्तुलाच्या परवान्याचेही तसेच आहे. फिलाडेल्फियातील एका महिलेला २०१३ मध्ये न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवले, तेव्हा तिने स्वतःहून पर्समधल्या पिस्तुलाची आणि पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याची माहिती दिली. न्यू जर्सी तो परवाना मानत नाही, त्यामुळे तिला अटक झाली आणि सक्तीच्या कैदेची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. पुढे २०१५ मध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. तोपर्यंतची दोन वर्षे मात्र तिला परत मिळाली नाहीत.

राज्यांचा तक्ता पूर्ण झाल्यावरच एटीएफ फॉर्म ५३२०.२०, म्हणजे वर सांगितलेल्या मान्यतेचा अर्ज, भरायला घ्यावा. या अर्जाला शुल्क नाही. तो वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील विभागाकडे टपालाने पाठवता येतो किंवा एटीएफच्या ऑनलाइन ई-फॉर्म्स प्रणालीतून भरता येतो. नोंदणीदाराचे नाव व पत्ता, प्रवासाचे कारण, कोठून कोठे, कोणत्या तारखांदरम्यान, कोणत्या वाहनाने, आणि शस्त्राचा तपशील एवढीच माहिती त्यात मागितली जाते. अर्ज एका पानाचा दिसतो म्हणून तो घाईने भरला जातो, आणि मग परत येतो. माझा पहिला अर्ज अनुक्रमांकातील एका शून्याच्या जागी मी इंग्रजी ‘ओ’ लिहिल्यामुळे परत आला होता. चूक सर्वस्वी माझीच होती, कारण मी रिसीव्हरवर (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर) कोरलेला क्रमांक मंद दिव्याखाली पाहून उतरवला होता. तेव्हापासून मी शस्त्राकडे न पाहता मंजूर नोंदणीपत्रावरून सर्व तपशील अक्षर न् अक्षर उतरवतो: निर्मात्याचे नाव, मॉडेल, व्यास, नळीची लांबी, एकूण लांबी आणि अनुक्रमांक. नंतर ते शस्त्राशी ताडून पाहतो. ज्यांनी स्वतः आखूड रायफल तयार करून नोंदवली आहे त्यांनी निर्माता म्हणून नक्की काय नोंदले गेले आहे, हे विशेष लक्षपूर्वक पाहावे.

तारखांच्या रकान्यात शहाणपण चालवायला जागा आहे. मान्यता जास्तीत जास्त ३६५ दिवसांसाठी मिळू शकते. त्यामुळे एकाच ठिकाणी वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याने फक्त शनिवार-रविवारची तारीख टाकू नये, तर जवळजवळ संपूर्ण वर्षाचा कालावधी मागावा. ‘कोठे’ या रकान्यात खरा पत्ता द्यावा: रेंजचा, शिकारीच्या जागेचा किंवा नातलगाच्या घराचा. कारण साधे आणि खरे लिहावे. ‘नेमबाजी स्पर्धा’ किंवा ‘शिकार’ एवढे पुरते. खाली केलेली सही खोटेपणाच्या शिक्षेला पात्र राहून केलेली असते, हे विसरू नये. मंजुरी कधी काही दिवसांत येते, कधी आठवडे जातात. मी प्रवासाच्या दोन महिने आधी अर्ज करतो आणि मंजूर कागद हाती येईपर्यंत हॉटेलचे पैसे भरत नाही.

मंजुरी वेळेत आलीच नाही, तर एक कायदेशीर वाट उरते. आखूड नळीचा वरचा भाग घरी तिजोरीत ठेवून त्याच रायफलवर १६ इंच किंवा त्याहून लांब नळी चढवावी आणि साधी रायफल म्हणून ती न्यावी. आखूड नळी सोबत घेऊन ‘तिथे गेल्यावर बसवतो’ म्हणणे चालत नाही. दोन तुकड्यांत खोलून एकाच पेटीत ठेवलेली आखूड रायफल ही आखूड रायफलच असते.

रस्त्याचा प्रवास हा या सगळ्यातला खरा कसोटीचा भाग आहे. १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने प्रवाशाला एक संरक्षण दिले आहे: जिथून निघालो आणि जिथे जायचे आहे त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे व जवळ नेणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र शस्त्रात गोळी नसावी, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही प्रवाशांच्या जागेतून सहज हाती येणार नाहीत अशा ठेवलेल्या असाव्यात. गाडीला वेगळी डिक्की नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत असावीत, आणि ती पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांकडे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असते, म्हणजे डिक्की आणि मागची सीट यांच्यात भिंतच नसते, त्यामुळे कुलूपबंद पेटीला पर्याय नाही. मी रायफलचा बोल्ट काढून वेगळ्या थैलीत ठेवतो, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, ती रिकामी असल्याचे दाखवणारे पिवळे निशाण घालतो आणि टणक पेटीला दोन कुलपे लावतो. गोळ्या दुसऱ्या कुलूपबंद डब्यात जातात. दोन्ही पेट्या सर्वात मागे तळाशी असतात आणि त्यांच्यावर बॅगा रचलेल्या असतात. धपाटे, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या मात्र पुढेच ठेवाव्यात, म्हणजे भूक लागली म्हणून कोणी मागे हात घालून सामान उपसणार नाही. प्रवाससंरक्षणाच्या या कलमाच्या मजकुरात शस्त्र आणि गोळ्या यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही. म्हणून मार्गात १० ची मर्यादा असलेले एक जरी राज्य असेल, तर मी १० गोळ्यांचीच मॅगझिन नेतो.

पेनसिल्व्हेनियातून ओहायोतील कॅम्प पेरीसारख्या नेमबाजीच्या ठिकाणी जाणाऱ्याला मधले राज्य लागतच नाही, त्यामुळे त्याचे काम सोपे असते. न्यू हॅम्पशायरला जायचे असेल तर गोष्ट वेगळी, कारण उर्वरित अमेरिकेतून न्यू इंग्लंडमध्ये जमिनीवरून जाणारा प्रत्येक रस्ता न्यूयॉर्क राज्यातूनच जातो. त्याला वळसा नाही. फिलाडेल्फियाच्या बाजूने जाताना मी न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स टाळतो: स्क्रँटनवरून उत्तरेला ८१ क्रमांकाचा महामार्ग, हद्दीच्या अलीकडे ग्रेट बेंडला पेट्रोल, स्वच्छतागृह आणि जेवण, मग बिंगहॅमटनपासून ८८ क्रमांकाने ऑल्बनीकडे आणि तिथून बेनिंग्टनमार्गे व्हरमाँट. न्यूयॉर्कमधले हे तीन-साडेतीन तास मी शक्यतो न थांबता, वेगमर्यादा पाळून पार करतो. तिथे नातलगांकडे मुक्काम, मित्राच्या घरी चहा, मुलांना एखादा धबधबा दाखवणे, हे सगळे शस्त्राविना केलेल्या वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवावे. थांबा जितका लांबेल, तितके ‘मी फक्त येथून जात होतो’ हे म्हणणे कमकुवत होते.

नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर डोळे मिटून विसंबू नये. डेट्रॉइटहून बफेलोला जायचे म्हटले की फोन जवळचा रस्ता म्हणून सरळ कॅनडातील ओंटारिओतून नेतो. तो परदेश आहे. अमेरिकेचे प्रवाससंरक्षण तिथे संपते आणि आखूड नळीचे शस्त्र घेऊन त्या पुलावर जाणे म्हणजे तुरुंगाच्या दारात स्वतः जाऊन उभे राहणे होय. ओहायोमार्गे लांबचा रस्ता आधीच निवडून ठेवावा. तसेच पोस्ट ऑफिसच्या आवारात, पार्किंगसह, शस्त्र नेण्यास मनाई आहे. शाळेपासून १००० फुटांच्या आतून जाताना गोळी नसलेले शस्त्र कुलूपबंद पेटीत असेल तर केंद्रीय कायद्याची अडचण येत नाही, म्हणजे वर सांगितलेली पेटी येथेही उपयोगी पडते.

पोलिसांनी थांबवले तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत. शस्त्राची माहिती स्वतःहून देण्याचे बंधन राज्यागणिक बदलते, म्हणून तक्त्यात त्याचाही एक रकाना वाढवून घ्यावा. नोंदणीपत्र आणि मंजूर फॉर्म यांच्या दोन-दोन प्रती सोबत असाव्यात: एक पेटीत आणि एक पुढे कागदपत्रांच्या पाकिटात. पुढची प्रत महत्त्वाची, कारण कागद काढण्यासाठी पेटी उघडायची वेळ येऊ नये. मूळ कागद घरीच ठेवावेत.

विमानाने जाताना नियम त्या मानाने सुटसुटीत आहेत. शस्त्र रिकामे असावे, टणक आणि पूर्णपणे बंद होणाऱ्या पेटीत कुलूपबंद असावे, ते फक्त चेक-इन सामानात जावे, आणि काउंटरवर दरवेळी तोंडी सांगून घोषित करावे. किल्ली प्रवाशानेच ठेवावी. गोळ्या कारखान्याच्या खोक्यात किंवा त्यासाठी बनवलेल्या डब्यात असाव्यात. बहुतेक विमान कंपन्या ११ पौंडांची मर्यादा घालतात. पेटीच्या बाहेर ‘आत बंदूक आहे’ अशी चिठ्ठी लावायला कंपनी भाग पाडू शकत नाही. कायद्यानेच तिला तशी मनाई आहे. हातातल्या बॅगेत विसरून राहिलेल्या बंदुका २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या विमानतळांवर ६,७३७ सापडल्या, तेव्हा रेंजवर नेण्याची बॅग प्रवासाला वापरूच नये.

विमानप्रवासातला खरा धोका कनेक्टिंग फ्लाइटचा असतो. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील न्यूअर्कला चुकले. त्याने आपले सामान परत घेतले, रात्र हॉटेलात काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे बंदूक घोषित करताच न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने प्रवाससंरक्षण त्याला लागू होत नाही असे ठरवले, कारण हॉटेलात ती पेटी त्याच्या हाताशी होती. सामान ताब्यात घेण्यापूर्वी विमानतळावरच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग अशा प्रवाशाला आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. म्हणून शस्त्र असेल तर थेट विमानच घ्यावे. कनेक्शन अटळ असेल तर ते न्यूअर्क किंवा न्यूयॉर्कच्या जेएफके व लग्वार्डिया या विमानतळांवर घेऊ नये, आणि तरीही तिथे अडकलोच तर बॅग पट्ट्यावरून उचलू नये.

रेल्वे आणि बस यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ॲमट्रॅकने जायचे तर किमान २४ तास आधी फोन करून कळवावे लागते आणि चेक-इन सामानाची सोय असलेल्या गाड्या व स्थानकांवरच ते जमते. ग्रेहाउंडच्या बसमध्ये बंदूक नेताच येत नाही.

नोकरी बदलल्यामुळे कायमचे दुसऱ्या राज्यात जायचे असेल तर तोच फॉर्म ५३२०.२० कायमच्या स्थलांतरासाठी, निघण्यापूर्वीच भरावा आणि नवा पत्ता द्यावा. नोंदणीतली शस्त्रे सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये चढवू नयेत; ती स्वतः न्यावीत. नव्या राज्यात ते शस्त्र चालत नसेल, जसे टेक्सासहून न्यू जर्सीत येणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी घडते, तर घाईने विकण्याची गरज नाही. जुन्या राज्यातील बँकेच्या लॉकरमध्ये ते ठेवता येते, किंवा मित्राच्या घरी अशा कुलूपबंद पेटीत, जिची किल्ली फक्त नोंदणीदाराकडे असते. मित्राकडे नोंदणीपत्राची प्रत आणि ‘हे माझ्या परवानगीने येथे ठेवले आहे’ असे सही केलेले पत्र द्यावे. पुढे कधी त्या राज्यात परत जाणे झाले, तर पेटी उघडण्यापूर्वी नोंदणीपत्रावरचा अनुक्रमांक आणि शस्त्रावरचा अनुक्रमांक चांगल्या उजेडात पुन्हा एकदा ताडून पाहावा, शून्य आणि ‘ओ’ यांच्यासह.